आपाकाका, बेडूक आणि सोळास एकचा उतार

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. टाकीच्या तळाशी गाळ साठतो तसे ते आपोआप साठतात. कितीही धुवा, पुढच्या वेळी बघाल तर गाळ आहेच! आता गाळच का आठवला, तर आमचं सगळं आयुष्य टाक्यांतच चाललंय म्हणून.

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खाली पाव भाजतात आणि वर आम्ही तेलाच्या अवाढव्य टाक्यांची छपरं डिझाइन करतो. टाकीचं उभं पिंप दुसऱ्या कुणाचं, वरचं पक्कं छप्पर आमचं. त्याचे वासे, त्याचे खांब, त्याचा पत्रा, त्याच्यावर चढणाऱ्या माणसांचं वजन, सगळी काळजी आमची. "म्हणजे तुम्ही झाकणं करता?" असं कुणी विचारलं की परब सरांचा चेहरा बघण्यासारखा होतो!

परब सर म्हणजे आमचे मालक, गाव पार्से, तालुका पेडणे. विठू ड्रॉइंग काढतो, तो बांद्याकडचा. त्याच्या तोंडून मालवणीशिवाय काही येत नाही, इंग्रजी बोलला तरी ते मालवणीच वाटतं. आणि तिसरी मी, नेत्रा, मुळगावची. आकडेमोड माझ्याकडे.

* * *

पहिला किस्सा माझाच सांगते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की स्वतःचं लपवलं.

मला बघायला साखळी गावची मंडळी आली होती. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आत्याबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "तुम्ही नक्की काय करता गो?"

झालं! मला कुणी हा प्रश्न विचारला की माझा ताबा सुटतो. मी म्हटलं, "तेलाच्या टाकीत चुकून स्फोट झाला, तर टाकी तळाशी फाटता कामा नये. तळाशी फाटली तर सगळं तेल बाहेर. म्हणून छपराचा आणि भिंतीचा सांधा आम्ही मुद्दाम कच्चा ठेवतो. स्फोट झाला की आधी छप्पर उडालं पाहिजे! ते बरोबर उडावं म्हणून मी दिवसभर गणितं करते."

माझी आई पोह्यांच्या रिकाम्या बश्या पुन्हा पुन्हा एकावर एक ठेवत होती. आत्याबाईंनी चष्मा परत चढवला.

"आणि लग्न झाल्यावरसुद्धा हेंच चालू ठेवणार?"

मुलगा इतका हसला की त्याला ठसका लागला. त्या ठसक्यावरच मी होकार दिला. आत्याबाई आजही आमच्या घरी आल्या की आधी वर छपराकडे बघतात आणि मग बसतात!

* * *

आता आपाकाका. ह्यांच्याशिवाय आमच्या ऑफिसातला एकही किस्सा पुरा होत नाही.

आपाकाका म्हणजे सरांचे काका. सर लहान असतानाच त्यांचे वडील गेले. आपाकाकांनीच त्यांना वाढवलं, शिकवलं, इंजिनियर केलं. पण ह्या माणसाने सरांना उभ्या जन्मात एकदाही "बरें केलें" म्हटलेलं नाही. सरांनी गुजरातेत टाक्या केल्या, आंध्रात केल्या. कुठे कुठे त्यांच्या छपरांवर उभं राहून साहेबलोक फोटो काढतात. पण सरांना हवं आहे ते पार्स्याच्या पडवीतल्या त्या एका म्हाताऱ्याचं "बरें केलें". ते तसं बोलून दाखवत नाहीत, पण आम्हाला काय कळत नाही?

एकदा आपाकाका डिचोलीला डोळे तपासायला आले आणि थेट ऑफिसात. सरांची धांदल उडाली. खालून गरम पाव मागवले, खुर्ची पुसली, आणि ताज्यातलं ताजं ड्रॉइंग टेबलावर पसरलं.

"काका, हे छप्पर. भल्यामोठ्या टाकीचं. सोळास एक उतार. म्हणजे सोळा फूट आडवं गेलं की एक फूट खाली."

आपाकाकांचं घर कौलारू. त्याचा उतार एवढा की मांजर घसरतं. त्यांनी ड्रॉइंग जवळ धरलं, लांब धरलं, आडवं धरलं.

"हांगा पावस पडटा तें तुका कोणें सांगूंक ना?"

"काका, एवढ्या उतारावरून पाणी जातं. हिशेब केलाय. नेत्रा, दाखव गो हिशेब!"

मी हिशेब काढेपर्यंत आपाकाका उठलेसुद्धा. दाराशी थांबून म्हणाले, "बाबल्या, असल्या छपरार बेबे लग्न करतले!"

बेबे म्हणजे बेडूक. सर त्या दिवशी जेवले नाहीत. विठू मात्र ते शब्द मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावायला निघाला होता, मी त्याला कसंबसं आवरलं.

* * *

परदेशातल्या एका कन्सल्टंटने आमच्या डिझाइनवर शेरे पाठवले. त्यांचं आपलं ठरलेलं असतं, जगात कुठेही टाकी असो, प्रश्न तेच. त्यातला एक होता: छपरावर साचणाऱ्या बर्फाचं वजन धरलं आहे का?

सर साइटवर होते. उत्तरं भरायचं काम विठूकडे आलं. त्याने इंग्रजीत चोख लिहिलं, "गोव्यात बर्फ फक्त ग्लासात असतो."

थट्टेत लिहिलं होतं, पुसायचं राहिलं, आणि ते तसंच गेलं! सरांना कळलं तेव्हा ते डोकं धरून बसले. विठूने गावच्या देवाला नारळ बोलला. दुसऱ्या दिवशी कन्सल्टंटचं उत्तर आलं.

"नोंद घेतली. कृपया ग्लास छपरावर ठेवला जाणार नाही याची खात्री करावी."

ते विनोद करत होते की खरंच विचारत होते, हे आम्हाला आजतागायत समजलेलं नाही. विठूने मात्र खात्री लेखी दिली!

* * *

छपराला हवा ये-जा करायला तोंडं ठेवावी लागतात. टाकीतून तेल उपसलं की आत हवा शिरली पाहिजे. नाही शिरली तर बाहेरची हवा अख्खं छप्पर आत दाबून टाकते. तेलाचा रिकामा डबा पिचतो तसं!

एका साइटवर रंगाऱ्यांनी रंग आत जाऊ नये म्हणून ही तोंडं प्लास्टिकने घट्ट बांधून टाकली, अगदी मन लावून. आणि खाली पंप सुरू करायची तयारी! सरांनी खालून वर बघितलं, निळं प्लास्टिक दिसलं, आणि ह्या वयात गोल जिन्याने ते असे धावले की सुरक्षेवाला ओरडत मागे लागला, "सर, रेलिंग धरा! सर, हेल्मेट!" वर जाऊन त्यांनी प्लास्टिक दातांनी फाडलं. मग खाली आले. मी त्यांना पाणी दिलं, ते पोटात कमी आणि शर्टावर जास्त गेलं. मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

पण त्या दिवसापासून सरांना घट्ट झाकण बघवेना. घरी गेले की झाकणं सैल करायची. पाण्याच्या टाकीचं केलं, डब्यांची केली. एका रविवारी सुलभावहिनी, म्हणजे सरांची बायको, देवळात गेल्या, तेवढ्यात सरांनी ड्रिल काढलं आणि फणसाच्या पापडांच्या मोठ्या डब्याला सुबक भोक पाडलं. वर बारीक जाळीसुद्धा बसवली!

पावसाळ्याचे दिवस. वहिनींचे वर्षाचे पापड, सगळे मऊ पडले.

सोमवारी तो डबा ऑफिसात आला. सोबत वहिनीही आल्या. डबा सरांच्या टेबलावर, ड्रॉइंगच्या बरोबर मधोमध आपटला आणि आम्हाला म्हणाल्या, "टाकी वांचली. पापड गेले. खायात आतां!"

आम्ही ते पापड बेकरीच्या भट्टीत भाजून घेतले. बरे लागले!

* * *

ऑफिसची सहल मोरजीला गेली होती. सगळी माणसं समुद्राकडे बघत होती. सर सोडून.

आम्ही ज्या शॅकमध्ये बसलो तिचं छप्पर गोल होतं. मधे एक खांब, त्याच्यापासून चहूकडे वासे, वर झावळ्या. सर थरारले. "नेत्रा! विठू! अगदी आपलंच छप्पर! मधल्या खांबावरचा कोन!"

शॅकवाल्याला बोलावून विचारलं, "खांब खाली पक्का केलाय?" टाकीत आम्ही खांब तळाला जोडून टाकत नाही, जमीन खचली तर त्याला थोडी मोकळीक हवी. शॅकवाला पायाखालच्या वाळूकडे बोट करून म्हणाला, "रेंवेंत पुरला, आनी कितें करतलों?" सरांना खालून वरचे सांधे बघायचे होते, म्हणून ते चक्क खांबाला डोकं लावून जमिनीवर उताणे झोपले. आम्हालाही म्हणाले, झोपा. झोपलो. काय करणार, मालक आहेत!

सर हळू, गंभीर आवाजात समजावत होते. "आता वर बघा. भार कुठून येतोय ते बघा. मधे येतोय. खांबातून खाली उतरतोय. जमिनीत जातोय."

थोड्या वेळाने मी मान वळवली तर शेजारी एक रशियन बाई झोपलेली. तिच्या पलीकडे तिचा नवरा. मग आणखी दोघं. सगळे खांबाभोवती गोल, डोळे मिटून, श्वास एका लयीत!

सर उठले तसे ते सगळे उठले, हात जोडले. ती बाई भारावून सरांना म्हणाली, "उद्या ह्याच वेळी?"

* * *

बेडकाचं पुढे सांगायचं राहिलं.

भर पावसात एका नव्या टाकीच्या छपरावर आम्ही तिघं चढलो होतो. सरी थांबल्या आणि बघता बघता पत्रा कोरडा! सोळास एकच्या उतारावरून सगळं पाणी निघून गेलं, कुठे वाटीभरसुद्धा साचलं नाही. सर खुशीत हातवारे करायला लागले. "बघा! काकांनी हे बघायला हवं होतं! कुठे आहेत बेडूक? दाखवा!"

विठूने बोट दाखवलं.

छपराच्या बरोबर मधोमध, कोरड्या खडखडीत पत्र्यावर, एक बेडूक बसला होता. एवढ्या उंचावर तो आला कसा, देव जाणे! पाणी नाही, चिखल नाही. नुसता बसून आमच्याकडे बघत होता.

विठू म्हणाला, "लग्नाची जागा बघूक इलो आसतलो."

त्याने फोटो काढला. सर गरजले, "हा फोटो पार्स्याला जाता कामा नये!"

कोणी पाठवला ते मी सांगणार नाही. सुलभावहिनींचा पापडांचा राग अजून गेला नव्हता, एवढंच म्हणते. पुढच्या वेळी सर गावी गेले तर पडवीत, कॅलेंडरच्या शेजारी, मोठा रंगीत प्रिंट चिकटवलेला! आपाकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होते, "हें आमच्या बाबल्याचें छप्पर." सरांचं तोंड एवढंसं झालं. विठू त्यांना समजावत होता की निदान ते 'आमच्या' तरी म्हणाले.

* * *

आणि मग ती चवथ.

आमच्याकडे चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. आढ्याला टांगलेली चौकट, आणि तिला रानातली नि परसातली फळं, भाज्या, पानं, फुलं. नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तवशीं, चिबूड, आंबाडे. माटोळी म्हणजे घराची अब्रू, बघायला अख्खा वाडा, म्हणजे सगळी आळी, येते. परबांच्या घरात ती बांधायचा मान आपाकाकांचा. सरांना त्यांनी कधी एक दोरीसुद्धा ओढू दिली नव्हती.

गेल्या साली जुन्या लाकडी चौकटीला वाळवी लागली आणि आपाकाकांचा खांदाही वर जाईना. त्यांनी फोन केला. सर उभं राहूनच फोन घेतात त्यांचा.

"औंदां माटोळी तूं बांद."

सरांनी फोन ठेवला. मग डोळे पुसले आणि म्हणाले, "विठू, नवी शीट काढ."

बाजूला गुजरातच्या टाकीचं काम पडलं होतं, ते पडूनच राहिलं. माटोळी गोल ठरली. मधे कडं, चहूकडे वासे, सोळास एक उतार, सगळं बारीक पाइपांचं. केळीचा घड, चिबूड, नारळ ह्यांची वजनं मी बाजारात जाऊन काट्यावर करून आणली. सरांनी वाऱ्याचा भार धरला तेव्हा विठू म्हणाला, "सर, घरात वारो खयसून येतलो?" तो काढला. मग सरांना घुमट-आरती आठवली. वाड्यातली पोरं मडक्याची घुमटं अशी वाजवतात की खिडक्या थरथरतात. त्या थरथरीसाठी सगळे वासे पुन्हा जाड केले!

डिचोलीच्या वर्कशॉपमध्ये ती एकसंध वेल्ड केली. परीक्षा म्हणून सर आणि विठू दोघंही तिला लोंबकळले. तसूभर वाकली नाही. विठूला तर उतरायचंच नव्हतं!

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी पिकअपमधून ती पार्स्याला पोचली. अंगणात वाडा जमलेला. आपाकाका पडवीत खुर्चीवर, त्या बेडकाच्या फोटोखाली बसलेले. सरांनी नवा शर्ट घातला होता. आम्ही माटोळी उचलली, दारापर्यंत नेली, आणि थांबलो.

तिरकी केली. उभी केली. उलटी केली. जुन्या घराचं दार ते, माणूससुद्धा वाकून जातो.

विठू पुटपुटला, "ह्यां दारातसून भितर जावचा नाय, सर."

मी सरांकडे बघितलं, सरांनी माझ्याकडे. चिबडाचं वजन केलं, घुमटाची थरथर धरली, दार कुणी मोजलंच नव्हतं! कारण आमच्या धंद्यात छप्पर कधी दारातून आत जात नाही. ते वरून बसतं. जन्मभर आम्ही छपरं वरूनच बसवली.

वाडा कुजबुजायला लागला. कापावी म्हटलं तर वर्कशॉप सणासाठी बंद. सरांच्या नव्या शर्टाला घाम फुटला. मला रडायलाच यायला लागलं. एका माटोळीसाठी हा माणूस इतकी वर्षं थांबला होता, आणि ती अंगणात पडली होती.

आपाकाका खुर्चीतून उठले. माटोळीभोवती एक फेरी मारली. पाइप ठोकून बघितला. मग वर घराच्या कौलांकडे बघितलं आणि म्हणाले, "नळे काडात!"

वाड्यातले सगळे बाप्ये कौलांवर चढले. हातोहात कौलं उतरली, चार वासे सरकवले, आणि त्या भोकातून दोरांनी आमची माटोळी खाली घरात उतरली. अर्ध्यावर असताना पावसाची सर आली. सगळे भिजले, गणपतीचा चौरंग भिजला, विठू वरून ओरडत होता, "सावकाश! छप्पर बसता हां!" अंधार पडायच्या आत कौलं परत बसली. वहिनींनी सगळ्यांना गरम चहा दिला, सरांना साखर जास्त घालून.

दुसऱ्या दिवशी माटोळी भरली. काय दिसत होती! पूजा झाली, घुमटं लागली, आरतीला वाडा लोटला. माटोळी ढिम्म हलली नाही. सर तिच्याकडे न बघता आपाकाकांकडे बघत होते. आपाकाका डोळे मिटून टाळ्या वाजवत होते.

आरती थांबली. घर शांत झालं. आणि वरून आवाज आला.

"डरांव!"

सगळ्यांच्या माना वर. माटोळीच्या मधल्या कड्यावर, तवशांच्या आणि आंबाड्यांच्या मधे, एक जाडजूड बेडूक. कौलं काढली होती तेव्हा शिरला असणार!

सरांनी डोळे गच्च मिटले.

आपाकाकांनी हात जोडलेलेच ठेवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "न्हवरो पावलो! व्हंकल खंय?"

व्हंकल म्हणजे नवरी. घर असं हसलं की घुमट बडवल्यासारखं वाटलं. आपाकाका स्वतः हसत होते, खांदा धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सर म्हणाले, जन्मात पहिल्यांदा त्यांना असं हसताना बघितलं. पण 'बरें केलें' काही आलं नाही.

विसर्जनानंतर फळं वाटून झाली. रिकामी माटोळी आढ्याला लटकत होती आणि सर खाली हताश उभे होते. आता ही बाहेर कशी काढायची? आपाकाका शेजारी येऊन उभे राहिले. वर माटोळीकडे बघितलं. मग दाराकडे. मग सरांच्या पाठीवर आपला दुखरा हात ठेवला.

"बाबल्या, फुडल्या वर्सा माटोळी करचे आदीं दार मोठें कर."